बोर्ड मऊ, आणि मी उगाच दमतोय

परवा गोव्यात शिवोलीला शापोरा नदीत हवा भरायचा पॅडल बोर्ड (उभं राहून वल्हवतात तो) टाकला आणि दहा मिनिटांतच हात भरून आले, आधी वाटलं भरतीचं पाणी उलटं येतंय म्हणून असेल, पण भाऊ काठावरून ओरडला, अरे तुझा बोर्ड मधेच केळ्यासारखा वाकलाय बघ!

झालं असं की हवा भरताना मी १० पीएसआयलाच (हवेच्या दाबाचं माप) पंप सोडला होता. खरं सांगायचं तर तिथून पुढेच पंप जड व्हायला लागतो आणि बोर्ड हाताला तर टणक लागतो, मग कोण घाम गाळतंय. पण बहुतेक बोर्डांना १२ ते १५ लागतात. आत वरच्या-खालच्या थराला जोडणारे हजारो धागे असतात, हवेचा दाब पुरेसा असला की ते ताणले जातात आणि बोर्ड फळीसारखा कडक होतो. दाब कमी असला तर उभं राहिल्यावर मधला भाग खाली दबतो, पाणी जास्त अडतं, बोर्ड डुलतो आणि आपण मारलेला जोर वाकण्यातच जातो. वजनदार माणसाला तर जास्तच. (मी ८८ किलो, हसू नका.)

उलट भानगड उन्हाची. सकाळी २५ डिग्रीला १५ भरून बोर्ड मोरजीच्या वाळूवर तापत ठेवला आणि आतली हवा ४५ला गेली तर दाब साधारण २ पीएसआयने वाढतो, म्हणून जेवायला जाताना थोडी हवा सोडा नाहीतर सावलीत ठेवा. पाण्यात टाकला की थंड होऊन दाब परत उतरतो.

काल १५ भरून गेलो, नदीच्या वळणापर्यंत आरामात पोचलो. पंप मारून खांदा मात्र अजून दुखतोय.