सागवानी टेबल: फळ्यावरचा जेल स्टेन अखेर सुकला

मागच्या वेळी टेबलाच्या वरच्या सागवानी फळ्यावर जेल स्टेन, म्हणजे लाकडाला रंग देणारा घट्ट लेप, दिला होता आणि तो सुकलाच नव्हता. तो चिकट राहिलेला फळा आता कोरडा आहे. बोट ओढत नाही, नखाचा व्रण उठत नाही. पाय आणि चौकट आंब्याची असल्याने तिथे ही कटकट नव्हतीच. म्हणून आज फक्त फळा.

दोष पावसाळी हवेचा, डब्याचा की लाकडाचा? काचेच्या तुकड्यावर त्याच डब्यातला पातळ हात दिला आणि तुकडा फळ्याशेजारीच ठेवला. काचेवरचा दुसऱ्या दिवशी सुकला, फळा तसाच. डबा आणि हवा दोन्ही सुटले. खरा पुरावा तर फळ्यातच होता: एका कडेला सालीलगतच्या लाकडाची दोन बोटं रुंद फिकट पट्टी आहे, ती खडखडीत वाळलेली, तिला लागून असलेला गडद गाभा मात्र चिकट. सागाच्या गाभ्यात तेलं आणि क्विनोन वर्गातली द्रव्यं असतात. वाळवी सागापासून लांब राहते ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. हा जेल स्टेन ऑइल-बेस, तो हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, आणि नेमका त्यातच ही द्रव्यं खोडा घालतात. वरून पंखा लावा नाहीतर हेअर ड्रायर, फरक पडत नाही.

चिकट थर पॉलिश पेपरने काढायला जाऊ नका, पेपर लगेच भरतो. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने ग्रेनच्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या, दिशेने पुसून काढला, टर्पेंटाइन पूर्ण उडू दिलं, मग 150 आणि 220 नंबरचा पेपर. त्यानंतर अ‍ॅसिटोनचं पुसणं: फडकं पिवळट यायचं थांबेपर्यंत. तेल आतून पुन्हा वर येतं, त्यामुळे इथून पुढचा हात त्याच तासाभरात द्यायचा.

तेल अडवायला तो हात लाखेचा. 250 मिली स्पिरिटला 30 ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे), काचेच्या बरणीत. पत्र्याच्या डब्यात लाख काळवंडते. साध्या चपड्यात मेण असतं, आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन, शेवटचा संरक्षक थर) नीट धरत नाही. बरणी न हलवता ठेवली की मेण दुधाळ गाळासारखं खाली बसतं. वरची नितळ लाख अलगद ओतून घ्यायची. बाजारातलं तयार फ्रेंच पॉलिश या कामाला घेऊ नये, त्यात मेण किती आणि लाख किती जुनी हे कळत नाही; जुनी लाख स्वतःच वाळत नाही. पाऊस कोसळत असताना हात दिला तर पांढरी झाक येते. कोपऱ्यावर आली होती. स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा फिरवल्यावर गेली.

लाखेचे दोन पातळ हात, 320 नंबरने हलकं घासणं, मग जेल स्टेन. बंद पृष्ठभागावरही रंग धरतो, ही जेलची खरी मजा. पातळ स्टेन इथे ओघळला असता. फोम ब्रश नको, रेषा सोडतो. जुन्या सुती बनियनइतकं चांगलं फडकं नाही. वापरलेली फडकी मात्र चोळामोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. एकेरी पसरून वाळवायची.

ठरलं होतं दोन हात स्टेनचे. पण चपड्याच्या नारिंगी छटेमुळे अक्रोड शेड एकाच हातात हवी तितकी गडद झाली आहे, दुसऱ्याने ग्रेन बुजेल. त्याऐवजी कडेच्या कोरीव पट्टीत थोडा स्टेन मुद्दाम खाचेत ठेवून वरचा पुसला, आणि नक्षी एकदम उठली! तेच आता खणांच्या दर्शनी फळ्यांवरही करणार. खणांच्या आत फक्त लाख. ऑइल फिनिशचा वास बंद खणात महिनोन्महिने राहतो.

वरून वॉटर-बेस पीयू द्यायचं आहे. त्याआधी कोरड्या हवेतही 72 तास थांबायला सांगतात. सध्याच्या दमटपणात आठवडा धरतोय. फळ्यावर तीन हात, पायांना दोन पुरे.