चार नो ट्रम्प विचारण्याआधी

माझे सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, हे ब्रिज या पत्त्यांच्या खेळातले माझे भिडू आहेत. गेली आठ वर्षे दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पुण्यातल्या एका क्लबात समोरासमोर बसतो आणि घरी परतताना रिक्षात त्या दिवशीचे डाव पुन्हा एकदा खेळतो. त्यांतला एक डाव मी वहीत उतरवून ठेवला आहे, कारण स्लॅमची, म्हणजे तेरापैकी बारा किंवा तेराही हात करण्याची, बोली कशी करावी याविषयी मला जे काही समजले, त्याची सुरुवात त्या डावाच्या फसण्यापासून झाली.

माझ्याकडे राजा-राणी-गुलामासह इस्पिकची पाच पाने होती, बदामाचे एक्का-राजा-राणी, किलवरचे राजा-राणी-पंजी आणि चौकटीची फक्त सत्ती व तिर्री. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक असे धरून एकूण २० पॉइंट. मी एक इस्पिक बोलले. बाबांनी दोन नो ट्रम्प, म्हणजे शब्दशः बिनहुकमी बोली, म्हटले. आमच्या ठरावाप्रमाणे त्याचा अर्थ असा की इस्पिकची किमान चार पाने आहेत आणि गेमपर्यंत, म्हणजे इस्पिक हुकूम असताना दहा हातांपर्यंत, जाण्याइतके बळ आहे. वीस पॉइंट हातात असताना भिडूकडून असे उत्तर आले की धीर धरणे अवघड जाते. मी लगेच चार नो ट्रम्प म्हणून एक्के किती ते विचारले, त्यांनी पाच बदाम म्हणून दोन एक्के सांगितले आणि मी सहा इस्पिक, म्हणजे बारा हातांची बोली, बोलून मोकळी झाले. डावीकडच्या खेळाडूने चौकटीच्या एक्क्याची उतारी केली, मग त्याच रंगाचा राजा खेळला, आणि पुढचे पान पडण्याआधीच आमचा स्लॅम बुडाला होता.

बाबांकडे इस्पिकचा एक्का धरून चार पाने होती, किलवरचे एक्का-गुलाम-चव्वी, चौकटीचे राणी-गुलाम-छक्की आणि बदामाच्या गुलामासह तीन पाने. त्यांचे १३ पॉइंट आणि माझे २०, म्हणजे बरोबर ३३.

"बाबा, तेहतीस होते आपले," मी रिक्षात म्हटले.

"होते. पण चौकटीत काय आहे, हे आपण कुणी कुणाला विचारलंच नाही."

बारा हातांच्या छोट्या स्लॅमसाठी दोघांचे मिळून ३३ पॉइंट हवेत, हे ब्रिज शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांतच सांगितले जाते. पत्त्यांच्या जोडात एकूण ४० पॉइंट असतात. ३३ आपल्याकडे असले की विरुद्ध जोडीकडे सात उरतात, आणि दोन एक्क्यांचे आठ होत असल्याने त्यांच्याकडे दोन एक्के असूच शकत नाहीत. हिशेब बिनचूक आहे, पण एका एक्क्याचे चार आणि एका राजाचे तीन मिळूनही सातच होतात. ते दोघे एकाच रंगाचे निघाले आणि त्या रंगात आपल्या दोघांकडेही दोन किंवा अधिक पाने असली, तर उरलेले सगळे हात आपले असूनही पहिले दोन गेलेलेच असतात. आमच्या डावात विरोधकांकडचे सातही पॉइंट चौकटीच्या एक्क्यात आणि राजात होते. त्यांच्याकडे दुसरे एकही चित्र नव्हते.

चार नो ट्रम्पने एक्के विचारण्याची पद्धत इंडियानापोलिसच्या ईझली ब्लॅकवूड यांनी १९३३ मध्ये सुचवली, आणि आज जगभरातल्या बहुतेक जोड्या तिचे कुठले ना कुठले रूप वापरतात. ती इतकी सोपी आहे की शिकल्यानंतर पहिली दोन वर्षे मी तिला स्लॅमचे प्रवेशद्वार समजत होते. माझे आताचे मत नेमके उलटे आहे: स्लॅमपर्यंतचा रस्ता आधीच तपासून झालेला असावा, आणि दोन एक्के कमी असताना चुकून सहाच्या घरात शिरू नये, एवढ्यासाठीच शेवटी हा प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरात एक्के किती हे कळते, कुठे आहेत हे कळत नाही. ज्याच्याकडे एखाद्या रंगाचे एकही पान नाही, त्याला तर नुसत्या संख्येचा उपयोग जवळजवळ नसतोच, कारण भिडूचा एक एक्का नेमका त्याच रंगात वाया गेलेला असू शकतो.

मग 'कुठे' हे विचारायचे कसे? त्यासाठी हुकूम ठरल्यानंतरच्या बोल्या असतात, ज्यांत प्रत्येक जण आपल्या हातातला रखवालदार, म्हणजे त्या रंगाचा एक्का, राजा, एकटे पान किंवा त्या रंगाचा पूर्ण अभाव, स्वस्तात स्वस्त पातळीवर दाखवत जातो. एखादा रंग वगळून पुढे गेले की त्या रंगात रखवालदार नाही, हे न बोलताच सांगितले जाते. तोच डाव आम्ही आज असा बोलू: एक इस्पिक, दोन नो ट्रम्प, मग माझे तीन इस्पिक, म्हणजे बळ जास्त आहे पण कुठल्याही रंगात एकटे पान नाही. बाबा चार किलवर म्हणून किलवरचा एक्का दाखवतील. मी चार चौकट टाळून चार बदाम म्हणेन, आणि त्या टाळण्यातून त्यांना हवे ते सगळे कळेल. चौकटीत त्यांच्याकडेही राणी आणि गुलामच असल्याने ते चार इस्पिक म्हणतील आणि मी पास करीन. अकरा हात होतील, व्हल्नरेबल असताना, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले असताना, ६५० गुण मिळतील, आणि सहा इस्पिक बोलून गमावलेले १०० आमच्या नावावर लागणार नाहीत.

मला या खेळातले सगळ्यात सुंदर वाटते ते हेच, की न बोललेला रंगही बोललेल्या रंगाइतकाच बोलतो. माहेरी आम्ही मेंढीकोट खेळायचो, तेव्हा भिडूला डोळ्यांनी खुणा करणे हा खेळाचाच भाग असे. ब्रिजमध्ये खुणांना सक्त मनाई आहे, आणि सगळी माहिती ३५ ठरावीक बोल्या, पास, डबल आणि रिडबल एवढ्यांतूनच पोहोचवावी लागते.

पॉइंटांवरचा माझा विश्वास पुरता मोडला तो काही महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या डावाने. माझ्याकडे एक्का-राजा-गुलामासह इस्पिकची पाच पाने, बदामाचे एक्का-छक्की, चौकटीची तीन हलकी पाने आणि किलवरचे राजा-राणी-तिर्री, म्हणजे १७ पॉइंट होते. मी एक इस्पिक म्हटल्यावर बाबांनी थेट चार चौकट म्हटले. हे स्प्लिंटर: इस्पिकची चार पाने, गेमपुरते बळ आणि चौकटीचे फार तर एक पान. माझ्या तीन हलक्या चौकटींनी एकही पॉइंट अडवून ठेवला नव्हता. माझे सगळे बळ उरलेल्या तीन रंगांत, नेमके जिथे हवे तिथे होते. माझ्याकडे चौकटीचे राजा-राणी असते आणि किलवर हलके असते, तर तेवढ्याच पॉइंटांची माझी पाने स्लॅमसाठी निरुपयोगी ठरली असती.

या वेळी चार नो ट्रम्प विचारायला मी मोकळी होते, कारण चारही रंगांत रखवालदार असल्याची खात्री झाली होती आणि फक्त संख्या उरली होती. हुकमाचा राजा पाचवा एक्का धरण्याचा ठराव आम्ही तोपर्यंत स्वीकारला होता. त्यातले तीन माझ्याच हातात होते. बाबांनी पाच किलवर म्हणजे एक सांगितला, मी सहा इस्पिक म्हटले. त्यांच्याकडे इस्पिकच्या राणीसह चार पाने, बदामाच्या राजासह चार पाने, एकटी चौकट आणि किलवरच्या एक्का-गुलामासह चार पाने निघाली. चौकटीचा एक हात गेला, एक चौकट डमीत, म्हणजे बाबांच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत, हुकमाने कापली, तिसरी किलवरच्या चौथ्या पानावर फेकली. आमचे मिळून २७ पॉइंट होते आणि बारा हात निर्वेध झाले. व्हल्नरेबल होतो, १४३० मिळाले. चार इस्पिकवर थांबून तेच बारा हात केले असते तर ६८० मिळाले असते.

दोन्ही डावांत योग्य आणि चुकीच्या बोलीतला फरक ७५० गुणांचाच आहे, आणि तो योगायोग नाही. आधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बारा हात केले की स्लॅमचे गुण मिळतच, बोलणे गरजेचे नव्हते. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला निघालेल्या जहाजावर हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी नवी गुणपद्धती आजमावून पाहिली, आणि बोलाल तेवढेच पदरात पडेल हे तिचे सूत्र होते. आजच्या गुणांप्रमाणे छोट्या स्लॅममध्ये जिंकण्याची आणि गमावण्याची रक्कम सारखी असल्याने निम्मी शक्यता पुरते. तेरा हातांच्या ग्रँड स्लॅमचे तसे नाही: दुसरी जोडीही निदान सहाचा स्लॅम बोलेल असे धरले, तर ती शक्यता साधारण दोन तृतीयांश हवी. म्हणून एका फिनेसवर, म्हणजे विरोधकांचे मोठे पान दोघांपैकी अमुक एकाकडेच असेल या निम्म्या शक्यतेवर, अवलंबून असलेला सात मी बोलत नाही, मग पाने कितीही मोहात पाडणारी असोत.

एक गोष्ट मात्र आकड्यांत बसत नाही. मागच्या पावसाळ्यात बाबांनी जवळजवळ मिनिटभर विचार करून चार इस्पिक बोलीचे कार्ड टेबलावर ठेवले. माझी पाने पुढे जावे की थांबावे असा प्रश्न पाडणारी होती, आणि त्या मिनिटाने मला सांगितले होते की त्यांच्याकडे काहीतरी जास्त आहे. पण भिडूच्या थांबण्यातून मिळालेली माहिती वापरण्याचा हक्क नियम देत नाहीत. दोन्ही पर्याय पटण्याजोगे असतील तर त्या थांबण्याने सुचवलेला पर्याय टाळावा लागतो. मी पास केले. बारा हात झाले. रिक्षात बराच वेळ कुणी बोलले नाही, मग बाबाच म्हणाले, "थांबलीस ते बरोबर केलंस. चूक माझी. मी विचार दोन नो ट्रम्पच्या वेळी करायला हवा होता."

तेव्हापासून ते दोन नो ट्रम्प बोलण्याआधीच माझ्या प्रत्येक संभाव्य उत्तरावर आपण काय म्हणणार हे ठरवून ठेवतात. त्यासाठी सुरुवातीला थोडा वेळ जातो. पुढचे चार इस्पिक मात्र बिडिंग बॉक्समधून नेहमीच्याच वेगाने बाहेर येते.