पेटीवरचा मजकूर

सातारा, १८ ऑगस्ट २०२४, रविवार

उद्या राखीपौर्णिमा. कालच्या शेवटच्या एसटीने अक्काकडे आलो. सकाळी चहा होतोय न होतोय तोच भाचा चपला घालून दारात उभा. लंडनहून इथल्या संग्रहालयात आलेली वाघनखं बघायची होती. बाहेर भुरभुर पाऊस, रांगेत निम्म्या छत्र्या उघडलेल्या आणि निम्म्या मिटलेल्या, आणि पुढच्याच्या छत्रीचं पाणी आपल्या मानेवर.

काचेपुढे दोन मिनिटंही मिळाली नसतील. पोलादी पट्टी, तिला चार नखं, बोटं अडकवायला दोन कड्या. "एवढीशीच?" भाचा म्हणाला. मलाही मनातून तसंच वाटलं होतं, पण मामाने तसं बोलून चालत नाही.

खरं तर मला रस होता तो या नखांच्या पेटीवर कोरलेल्या मजकुरात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून तो मी आधीच वहीत उतरवून घेतला होता. मराठीत सांगायचं तर असा: शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, ईडनचे मिस्टर जेम्स ग्रँट-डफ साताऱ्याला रेसिडेंट (म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी) असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने त्यांना ही वस्तू दिली.

तीस वर्षं प्रुफं तपासण्यात गेली. चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मोगल सेनापती? अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. चौथीतलं पोरसुद्धा हे सांगेल, आणि सांगितलंच, भाच्याने, बसस्टॉपवर. पेशवा म्हणजे छत्रपतींचा प्रधान. आता प्रधानाचाही पंतप्रधान? बरं, तो कोण, त्याचं नाव नाही. आणि ‘ग्रँट-डफ’? साताऱ्यात होता तो नुसता कॅप्टन जेम्स ग्रँट. डफ हे आडनाव त्याने पुढे स्कॉटलंडला गेल्यावर, आईच्या माहेरची ईडनची जमीनदारी हाती आली तेव्हा लावलं. म्हणजे मजकूर लिहिला गेला तो मागाहून. नखं संग्रहालयाला दिली त्याच्या नातवाने. ती प्रतापगडावरचीच, याचा पुरावा नाही हे संग्रहालयही कबूल करतं.

माझी खात्री आहे, हा मजकूर ग्रँट डफच्या हातचा नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या या माणसाला तो शोभतच नाही.

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बॅन्फ गावचा हा मुलगा, जन्म १७८९ चा. वडील लहानपणीच गेले, आईने ॲबरडीनला नेऊन शिकवलं. कंपनीची मुलकी नोकरी मिळेपर्यंत धीर धरवला नाही, म्हणून लष्करी कॅडेट होऊन सोळाव्या-सतराव्या वर्षी मुंबई गाठली. फारसी शिकला, पलटणीचा दुभाषी झाला, पुण्यात कंपनीचा रेसिडेंट असलेल्या एल्फिन्स्टनच्या नजरेत भरला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि साताऱ्याच्या गादीची व्यवस्था लावायला एल्फिन्स्टनने याला पाठवलं. तिशीही गाठली नव्हती. छत्रपती प्रतापसिंह त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान. २५ सप्टेंबर १८१९ चा तह, मग १८२२ च्या एप्रिलात कारभार महाराजांच्या हवाली. मधल्या काळात दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात इतिहासासाठी जुने कागद. छत्रपतींच्या घरचे, पेशव्यांच्या दप्तरातले, वतनदारांकडचे. तब्येतीने हाय खाल्ली आणि १८२३ मध्ये मायदेशी परतावं लागलं.

पुढचा किस्सा मला फार आवडतो. हस्तलिखित घेऊन हा लंडनमधल्या मरे नावाच्या नामांकित प्रकाशकाकडे गेला. मराठे कोण, हे तिथे कुणाच्या गावी नव्हतं. मरे छापायला तयार झाला, पण नाव बदला म्हणाला: मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय, असं काहीतरी. ते सगळं खरं असेलही, पण मी लिहिलाय मराठ्यांचा इतिहास, असं ग्रँटचं उत्तर. शेवटी १८२६ मध्ये लाँगमनने तीन खंड छापले आणि लेखकाच्याच खिशाला खार लागला.

मुखपृष्ठावर मोगल येऊ नयेत म्हणून अडून बसलेला माणूस, आणि त्याच्या पेटीवर मोगल सेनापती! हसावं की रडावं कळेना.

अर्थात त्याच्यावर माझा राग नाही असं नाही. मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तसा काहीसा अपघात, अशी त्याची मांडणी. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी नेमकी हीच मांडणी खोडून काढायला घेतली. अफझलखानाच्या भेटीत त्याने दगा शिवाजी महाराजांच्या माथी मारला. मराठीत तो पोचला मात्र लवकर. कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी भाषांतर केलं आणि नाव ठेवलं ‘मराठ्यांची बखर’. साहेबाच्या इतिहासाला आपण बखर म्हणून मोकळे झालो, हे मला अजून गमतीचं वाटतं. त्यावर तडाखेबंद टीका यायला १८६७ उजाडलं. नीळकंठ जनार्दन कीर्तने, अगदी तरुण, पुण्यात निबंध घेऊन उभे राहिले आणि त्यांनी डफच्या चुका एकेक करून दाखवल्या. मुद्रितशोधकांनी कीर्तन्यांचा फोटो लावायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मला सतावते. ज्याला त्याने कारभार शिकवला त्या प्रतापसिंहाला कंपनीने १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी दाद मागायला लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं उंबरे झिजवत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, पुढच्याच वर्षी सातारा खालसा. ग्रँट डफ वारला १८५८ मध्ये. म्हणजे हे सगळं होत असताना तो स्कॉटलंडमध्ये आपल्या जमीनदारीवर होता आणि महाराजांनी सही केलेला तो तह त्याच्या हातचा होता.

संध्याकाळी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आलो. भाच्याने चित्रकलेच्या वहीत वाघनखं काढली, नखं पाच. मी लाल पेनाने एक खोडलं.

"मामा, खाली काय लिहू?"

"लिही, वाघनखं. लंडनहून आणलेली."

"आणि महाराजांची असं नको?"

तेवढ्यात अक्काने पानं घेतली म्हणून हाक मारली. जेवून परत येतो तर त्याने ओळ लिहून टाकलेली. वही मिटलेली होती, उघडून पाहिली नाही.