इंग्रजीची बाई इतिहासात कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मोडी कागद उलगडून बसले की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही इंग्रजीच्या ना? मग इतिहासात कशा?" पूर्वी नुसती हसायचे. मग एक हुकमी उत्तर सापडलं: इतिहासकार जदुनाथ सरकार. तेही 1892 साली कलकत्त्याला एम.ए. झाले ते इंग्रजीतच, आणि पुढे औरंगजेबाचे पाच खंड लिहिले. समोरचा गप्प व्हायचा. मला बरं वाटायचं.

हे उत्तर मी आता देत नाही.

एका महाविद्यालयात इतिहासाची जागा होती, तासिका तत्त्वावरची. मुलाखतीत तोच प्रश्न आला आणि मी जदुनाथांना पुढे केलं. कडेला बसलेले वयस्कर सर म्हणाले, "बरोबर आहे. त्यासाठी ते फारसी शिकले, बंगाली माणूस असून मराठीही शिकले. तुम्ही काय शिकलात?" मोडी येते, मी ठसक्यात म्हटलं. त्यांनी पिशवीतून माझाच छापील लेख काढला. आत मूळ पत्राचा फोटो होता. "साल वाचा."

"खमस सबैन मया व अलफ." जुन्या मराठी कागदांत साल असं अरबी शब्दांत, सुहूर कालगणनेत लिहितात. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे सुहूर 1175. त्यात 599 मिळवले की इसवी 1774. पत्रात लष्कराला दाणावैरण पाठवायचा तगादा होता. तो मी नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरच्या, राघोबांविरुद्ध एकवटलेल्या बारभाई कारभाऱ्यांच्या धामधुमीत बसवला होता. तीन पानं भरून.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. सबैन नव्हे, सितैन होतं, म्हणजे साठ. सुहूर 1165, म्हणजे 1764. थोरले माधवराव म्हैसूरच्या हैदरावर चालून गेलेले आणि नारायणराव जेमतेम नऊ वर्षांचे. माझ्या तीन पानांत आता काही उरलं नव्हतं. कुणी आवाज चढवला नाही. सर म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय." जागा अर्थात मिळाली नाही.

आता, ही चूक इंग्रजीच्या पदवीची का? इतिहासात एम.ए. केलेल्या किती जणांना मोडीतलं साल धड लागतं, ते विचारा एकदा! पण खरं सांगायचं तर मला बारभाई हवे होते. गोष्ट तिथे रंगत होती, म्हणून डोळ्यांनी सबैन वाचलं. ही खोड साहित्याचीच. त्यावर आतली जुनी मी म्हणते, अगं, जदुनाथांची पानं आजही वाचवतात ती त्याच इंग्रजीमुळे ना? असेल. पण मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा चौथा खंड 1950 मध्ये निघाला तेव्हा ते ऐंशीला आले होते. मी चाळिशीत एका शब्दाला घाई केली.

दुरुस्ती पाठवली. पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर दोन ओळी आल्या. लेख मात्र अजून हिंडतोच आहे. परवाच एका नव्या प्रबंधात तो 1774 धरून उद्धृत केलेला दिसला. लिहिणारा इतिहासाचाच आहे, एम.ए.सुद्धा. त्याला कळवलंय. उत्तर नाही.