प्रिंटएफ टाकला की पळून जाणारा बग

आज अख्खा दिवस सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या मागासमोर. धागा तुटला की माग थांबवणारं आमचं बोर्ड मधूनच उशिरा जागं व्हायचं. आणि आत काय चाललंय ते बघायला कोडमध्ये प्रिंटएफ (मजकुराची ओळ बाहेर पाठवणारी आज्ञा) टाकला की एकदम शहाण्यासारखं वागायचं! साहजिक आहे म्हणा. १,१५,२०० बॉडला (म्हणजे वायरवरून सेकंदाला तेवढे बिट) एक अक्षर बाहेर पडायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. ४० अक्षरांची ओळ म्हणजे साडेतीन मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या टास्कचं, म्हणजे बोर्डवर आळीपाळीने चालणाऱ्या कामांचं, टायमिंगच बदलतं.

म्हणून ट्रेसिंग लावलं, म्हणजे कोणता टास्क कधी चालला याची नोंद. फ्रीआरटीओएसमध्ये (बोर्डवरची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) टास्क बदलताना चालणारे ट्रेस मॅक्रो, म्हणजे आपला कोड घालायच्या जागा, तयारच असतात. त्यात टास्कचा क्रमांक आणि प्रोसेसरच्या सायकल काउंटरचा आकडा, एवढंच रॅममधल्या रिंग बफरमध्ये टाकायचं. वाचायचं नंतर, निवांत. बफर गोल फिरतो, भरला की जुन्या नोंदींवरच लिहितो, त्यामुळे गडबड दिसताच रेकॉर्डिंग थांबवणं मात्र हवंच, नाहीतर नेमका पुरावाच पुसला जातो.

लॅपटॉपवर आलेख काढला आणि चोर सापडला. डिस्प्लेचा सगळ्यात कमी महत्त्वाचा टास्क सेमाफोर (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून बसलेला, मधल्या प्रायॉरिटीचा कम्युनिकेशनचा टास्क त्याला चालूच देत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा सेन्सरचा टास्क दोघांच्या मागे ताटकळत. प्रायॉरिटी इन्व्हर्जन! १९९७ मध्ये मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान यामुळेच रीसेट होत होतं. बायनरी सेमाफोरच्या जागी म्युटेक्स टाकला, त्यात प्रायॉरिटी इनहेरिटन्स असतो, म्हणजे कुलूप धरलेल्या टास्कला ताटकळणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती मिळते.

मी उत्साहाने मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरमामांना आलेख दाखवला. मामा म्हणाले, "ते राहू द्या की साहेब, माग चालू करू का?"