आमची वाटचाल: खुब्यावरच्या भाराचा हिशेब

आम्ही तिघांनी कंपनी काढली तेव्हा आमच्याकडे भाड्याचे कॅमेरे आणि एक जुनी फोर्स प्लेट (पावलाचा जोर मोजणारी जमिनीतली पाटी) होती. चालताना माणसाच्या खुब्यावर आणि गुडघ्यावर किती भार येतो, हे काढून द्यायचं एवढंच ठरलं होतं. कृत्रिम सांधे बनवणाऱ्यांना हा आकडा लागतो, पण निरोगी सांध्यात मोजणी यंत्र बसवता येत नाही.

पहिला टप्पा लवकर जमला. अंगावर मार्कर लावून हालचाल टिपायची, पावलाखालचा जोर मोजायचा आणि न्यूटनच्या नियमांनी घोट्यापासून खुब्यापर्यंत उलटा हिशेब करत जायचं. पण त्यातून सांध्याला फिरवणारं एकूण बल कळतं, सांधा किती दाबला जातो ते कळत नाही. दाब वाढवतात ते स्नायू. एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडतं आणि ते तोलायला बाहेरचे स्नायू ओढतात. त्यांची तरफ, म्हणजे खुब्याच्या केंद्रापासून ओढीच्या रेषेपर्यंतचं अंतर, वजनाच्या तरफेच्या निम्मीच, म्हणून त्यांना वजनाच्या जवळपास दुप्पट ओढावं लागतं. वजन आणि ही ओढ, दोन्ही शेवटी खुब्यावरच येतात.

खरी अडचण पुढे आली. आमच्या मॉडेलमध्ये एका पायाला 43 स्नायू आणि सांधा फिरण्याच्या प्रत्येक दिशेचं एक अशी समीकरणं फक्त 5: खुब्याची 3, गुडघ्याचं 1, घोट्याचं 1. उत्तरं अगणित. त्यातलं शरीर कोणतं निवडतं, हे ठरवायला ऑप्टिमायझेशन, म्हणजे एखाद्या निकषावर सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं गणित, लागतं. आधी आम्ही स्नायूंच्या बलांची साधी बेरीज कमीत कमी ठेवून पाहिली. प्रत्येक क्षणी जेमतेम पाच स्नायू राबत आणि उरलेले गप्प बसत! मग क्राउनिनशील्ड आणि ब्रँड या संशोधकांनी 1981 मध्ये मांडलेला निकष घेतला: प्रत्येक स्नायूच्या ताणाचा (बल भागिले स्नायूच्या छेदाचं क्षेत्रफळ) घन करून बेरीज कमीत कमी ठेवायची. त्यामुळे भार अनेक स्नायूंत वाटला जातो आणि दम जास्त टिकतो. हा निकष मला आजही मनापासून आवडतो.

पडताळणीसाठी बर्लिनच्या संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेली मोजमापं हाताशी होती. त्यांनी चार रुग्णांच्या कृत्रिम खुब्यातच सेन्सर बसवले होते. ताशी सुमारे 4 किलोमीटर वेगाने चालताना सर्वाधिक भार सरासरीने शरीराच्या वजनाच्या 2.4 पट निघाला. आमचा आकडा साडेतीनच्या वर जात होता. महिनाभर कोड चाळला आणि चूक सापडली भलतीकडेच: खुब्याचा केंद्रबिंदू आम्ही दोन सेंटीमीटर बाहेर धरला होता. त्याने स्नायूंची तरफ आखूड होत होती आणि वजनाची लांब.

सगळ्यात जास्त शिकवलं ते गुडघा झिजलेल्या एका रुग्णाच्या कामाने. आम्ही कमी भाराचा अहवाल पाठवून मोकळे झालो. नंतर ईएमजी (स्नायूंच्या विद्युत हालचालीची नोंद) पाहिला तर मांडीच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकदम आवळलेले. दुखरा गुडघा स्थिर ठेवायला माणूस असं करतो. पण कमीत कमी कष्ट शोधणारं गणित एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या स्नायूंना शक्यतो कामालाच लावत नाही. ईएमजीची अट घातल्यावर भार बराच वाढला. मी स्वतः फोन करून तो अहवाल मागे घेतला आणि नवा पाठवला.

आता दुखऱ्या सांध्याचं काम ईएमजीशिवाय आम्ही घेत नाही. खुब्याचं केंद्र थोडं इकडेतिकडे हलवून हिशेब पुन्हा मांडतो आणि अहवालात एकच आकडा न देता किमान आणि कमाल भार लिहितो. ग्राहक कधी कधी “एकच सांगा ना” म्हणतात. तेव्हा मी त्यांना दोन्ही आलेख समोर ठेवून दाखवतो.