तुम्ही विचारलंत म्हणून: वाचनालयात काम करणाऱ्यांनी अजून काय शिकायचं?

"मॅडम, पुस्तकं द्यायची आणि परत घ्यायची, त्यात परत परत ट्रेनिंग कशाला लागतं?" हे मला वाचकांपासून कमिटीतल्या मंडळींपर्यंत सगळेच विचारतात. कुणी टोचून बोलत नाही, खरंच माहीत नसतं म्हणून विचारतात, तर आज नीट लिहूनच टाकते.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका छोट्या वाचनालयात आहे. इथं पेपर वाचता वाचता दोघं मराठीत बोलतात, पलीकडच्या टेबलावर तेलुगू चालू असतं, अक्कलकोटकडनं आलेली पोरं आपसात कन्नड बोलतात, आणि मधूनच कुणी ताई उर्दू मासिक आहे का विचारून जाते. आता कुणी तेलुगू पुस्तकांचं खोकं देणगी म्हणून आणून ठेवलं तर? ड्युईच्या वर्गीकरणात, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना नंबर द्यायच्या पद्धतीत, मराठी साहित्य 891.46, कन्नड 894.814, तेलुगू 894.827, हे नंबर बघून लावता येतात. पण मला तेलुगू लिपी वाचता येत नाही, आणि नोंद करायची तर लेखकाच्या नावातलं घराण्याचं नाव कुठलं ते कळायला लागतं. आपल्याकडं आडनाव शेवटी, तेलुगूत ते बहुतेक सुरुवातीला येतं. हे मला दुसऱ्या वाचनालयातल्या एका ताईंनी शेजारी बसून, एकेक पुस्तक हातात घेऊन शिकवलं. माझ्यासाठी ट्रेनिंग म्हणजे हे!

सहा महिन्यांचा ग्रंथपालनाचा सर्टिफिकेट कोर्स चांगलाच आहे, दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवायचं रजिस्टर, कशी ठेवायची, वर्गीकरण, तालिका म्हणजे पुस्तकांची सूची, सगळा पाया तिथंच पक्का होतो. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यावरच कशी काढायची? सार्वजनिक ग्रंथालयांचा आपला कायदा 1967 चा, अनुदानाचे नियम 1970 चे, तेव्हा कॉम्प्युटर कुठं होते. आज ग्रंथालयाचं काम कॉम्प्युटरवर करायला कोहा नावाचं सॉफ्टवेअर आहे, केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, कोहाला तर सॉफ्टवेअरचे पैसेही पडत नाहीत, पण इन्स्टॉल कोण करणार, बॅकअप कोण घेणार, आणि आधी कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेली मराठी यादी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय सर्चमध्ये सापडतच नाही त्याचं काय? असल्या अडचणी एका दिवसाच्या भाषणात सुटत नाहीत हो. ज्यानं ते काम स्वतः केलंय त्याच्याशेजारी बसूनच सुटतात.

आणि खरी अडचण पुढंच आहे. छोट्या वाचनालयात बहुतेक एकच माणूस असतो, ग्रंथपाल तोच, क्लार्क तोच, कुलूप उघडणाराही तोच. कार्यशाळेला जायचं म्हटलं की वाचनालय बंद ठेवावं लागतं आणि एसटीचं भाडं खिशातनं जातं. मानधन इतकं कमी की चांगली शिकलेली मुलगी सुद्धा दुसरीकडं चार पैसे जास्त मिळाले की निघून जाते, तिला दोष कसा द्यायचा, आणि मग नवीन येणाऱ्याला अ-आ पासून सुरुवात. एमपीएससीची पोरं येऊन विचारतात, मॅडम हा सिलॅबस बदलला का, फॉर्म कसा भरायचा, तेव्हा विचारायला शेजारी कुणी नसतं. अशा वेळी व्हॉट्सॲपवर ग्रंथपालांच्या ग्रुपात एक ओळ टाकली की माढ्याहून, बार्शीहून कुणीतरी उत्तर देतं, कधी कधी नुसतं "आमच्याकडं पण असंच आहे" म्हणतं, आणि त्यानं सुद्धा खूप धीर येतो. हा आधार नसता तर आमच्यातल्या कित्येकांनी हे काम केव्हाच सोडलं असतं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून कमिटीवर असणाऱ्यांना एक सांगणं आहे. वर्षाच्या बजेटमध्ये स्टाफच्या प्रवासाला आणि शिकण्याला थोडी का होईना, वेगळी रक्कम ठेवा. महिन्यातला एक अर्धा दिवस जवळपासच्या तीन-चार वाचनालयांच्या लोकांना एकत्र बसू द्या, आळीपाळीनं एकेकाकडं, आणि त्या दिवशी काउंटरवर कमिटीतल्याच कुणीतरी बसा. देवघेव कशी करायची ते आम्ही आधी दाखवून ठेवू. 12 ऑगस्टला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, आम्हाला हार घालता ते छानच वाटतं, पण त्याच दिवशी ही पहिली बैठक ठेवली तर जास्त आवडेल. आमचं वाचनालय बसायला मोकळं आहे, चहाचं मी बघते.